पायाचं हाड वाढलंय? ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी हाडांच्या ओपीडीत गर्दी दुप्पट होते. भाजीची पिशवी एका हातात, दुसऱ्या हातात केसपेपर. खुर्चीत नीट बसायच्या आधीच चप्पल निघते, पाय पुढे येतो आणि वाक्य ठरलेलं: "डॉक्टर, हे पाहा ना जी, हाड वाढून राह्यलं." इतक्या वर्षांत तेच तेच प्रश्न ऐकले. ते ज्या बोलीत आले, त्याच बोलीत इथे ठेवले आहेत. उत्तरं मी ओपीडीत देते तीच, फक्त इथे मागे रांग नाही म्हणून जरा सविस्तर.

हे हाड काहून वाढून राह्यलं?

बहुतेक वेळा ते वाढलेलं नसतं, सरकलेलं असतं. पावलात अंगठ्याच्या मागे एक लांब हाड असतं. ते हळूहळू आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे झुकतं. अंगठा मात्र उलटा, बाकीच्या बोटांकडे कलतो. कवलारू घराचे दोन वासे आढ्याशी मिळतात ना, तसं या दोन हाडांच्या मधला सांधा आढ्यासारखा बाहेर येतो. तीच तुम्हाला दिसणारी गाठ.

मग त्या आढ्यावर चप्पल घासते. कातडी जाड होते, आतली पाण्याची छोटी पिशवी सुजते, लाल होते. कडेला थोडं नवं हाड चढतंही, नाही असं नाही. पण मूळ गोष्ट सरकण्याची आहे. म्हणून "तेवढं वरचं घासून टाका ना" असं कुणी म्हटलं की मी म्हणते, आढं तासलं म्हणून वासे सरळ होतात का?

डॉक्टरनं कागदावर बनियन लिवलं. ते काय असते?

याच गाठीचं ते इंग्रजी नाव. अंगात घालायच्या बनियनशी त्याचा काही संबंध नाही. मी नवी असताना एका कास्तकार काकांना म्हटलं, "काका, तुम्हाला बनियन आहे." काकांनी निमूटपणे शर्टाच्या गुंड्या सोडायला सुरुवात केली. तेव्हापासून मी 'अंगठ्याचा सांधा सरकलाय' असंच सांगते. कागदावर 'हॅलक्स व्हॅल्गस' असं लिहिलेलं दिसलं तर तेही हेच.

एक्स-रेत अंगठा किती कलला ते अंशांत मोजतात. १५ अंशांपर्यंत चालतं. २० पर्यंत सौम्य, २० ते ४० मध्यम, त्यापुढे जास्त. पण एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपवून काढला तर पावलावर भार नसतो आणि कोन कमी दिसतो. तंत्रज्ञ घाईत असेल तर तुम्हीच सांगा, "उभ्यानं काढा जी."

पण माही गाठ तं दुसऱ्याच जागी हाये.

मग ती दुसरीच गोष्ट आहे. गाठ कुठे आहे यावरून निम्मं निदान होतं.

अंगठ्याच्या सांध्याच्या वर, म्हणजे नख असतं त्या बाजूला, आणि अंगठा वर वाकवताना दुखतो: हा सांधा झिजलाय. आपल्याकडच्या बाया उकिडवं बसून दिवसभर निंदण करतात. उकिडवं बसलं की टाच उचलली जाते आणि अंगठा मागे वाकून सगळा भार पेलतो. झिजलेला सांधा तेवढा वाकत नाही, म्हणून कळ नेमकी निंदणाच्या वेळी येते, चालताना फारशी नाही. अशांना मी छोट्या पाटावर बसून, सरकत सरकत निंदायला सांगते. पहिल्या दिवशी बाकीच्या बाया हसतात. आठवडाभरात त्यातल्याच एकदोघी पाट घेऊन येतात.

करंगळीच्या बाहेरच्या बाजूला असेल तर तीही बनियनचीच बहीण. इंग्रजीत तिचं नाव शिंप्यांवरून पडलंय, कारण शिंपी मांडी घालून बसत आणि पावलाची बाहेरची कड जमिनीवर दाबली जाई.

पावलाच्या बाहेरच्या कडेला, अगदी मधोमध, हाताला टोक लागत असेल तर दुसऱ्या पायालाही हात लावून पाहा. तिथेही असेल. ते सगळ्यांनाच असतं. त्यासाठी आठ मैल येऊ नका.

आतल्या बाजूला, घोट्याच्या खाली थोडं पुढे: इथे साधारण दहात एका माणसाला जन्मतःच एक जादा छोटं हाड असतं. मुरगळला किंवा बुटात दबला तरच ते बोलायला लागतं.

पावलाच्या वरच्या बाजूला, जिथे बुटाची नाडी येते तिथे, टणक उंचवटा: मधल्या सांध्यांची झीज. तेवढ्या जागेची नाडी एक भोक सोडून ओवा, बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं. तिथेच मऊ, सरकणारी, कधी लहान कधी मोठी होणारी गाठ असेल तर ती हाडाची नाही, सांध्यातल्या चिकट पाण्याची आहे.

अंगठ्याच्या नखाखालून काहीतरी वर येतंय, नख उचललं जातंय, आणि रुग्ण कॉलेजातला पोरगा आहे: नखाचा आजार समजून महिनोन्‌महिने मलम लावत बसू नका. नखाखाली हाडाचं बोंड येऊ शकतं, एका एक्स-रेत कळतं.

आणि ही एक गाठ, जी वावरात राबणाऱ्यांनी ओळखायलाच हवी: कधीतरी काटा रुतला होता, नंतर हळूहळू सूज आली, दुखत फारसं नाही, पण गाठींना बारीक भोकं पडून त्यातून पाणी आणि रव्यासारखे दाणे येतात. मदुराई शहराच्या नावावरून याला 'मदुरा फूट' म्हणतात. बुरशी किंवा जंतू आत शिरून हाडापर्यंत पोचतात. दाणे कापसाच्या बोळ्यावर घेऊन या. औषध महिनोन्‌महिने चालतं आणि कोणतं द्यायचं ते त्या दाण्यांच्या तपासणीवर ठरतं.

आमी तं जन्मभर बिनचपलेनं वावरात गेलो. मंग हे कसं झालं?

चांगला प्रश्न. चपला-बुटांनी हे होतं असं सरसकट म्हणतात, पण ते अर्धंच खरं. १९५८ साली हाँगकाँगमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बूट घालणाऱ्यांत ३३ टक्के लोकांना अंगठ्याचं हे वाकडेपण होतं, कधीच पादत्राण न घालणाऱ्यांत २ टक्क्यांहून कमी. म्हणजे बुटांचा हात मोठा आहे, पण अनवाणी माणसालाही होतं. घडण घरातून येते: सपाट पाऊल, ढिले सांधे, पहिल्या हाडाचा आकार. अरुंद चप्पल त्यात भर घालते. बायांना जास्त होतं, आणि वयाबरोबर वाढतं.

जोडव्यायनं होते का हे?

नाही. जोडवी दुसऱ्या बोटात असतात, सरकतो तो अंगठा. पण अंगठा कलून दुसऱ्या बोटाखाली गेला, बोट वर चढलं आणि सुजलं, की जोडवं रुतायला लागतं. मग साबणाच्या पाण्यानं काढून ठेवा. काढायला मन धजत नसेल तर सैल, उघड्या तोंडाचं घाला. सासूबाईंना माझं नाव सांगा.

माह्या मायले होतं. आता पोरीलेबी होईन का?

शक्यता जास्त, पण ठरलेलं नाही. पोरीच्या पायात अरुंद, टोकदार चप्पल जाऊ नये एवढं तुमच्या हातात आहे.

चप्पल कोणती घेऊ, ते सांगा ना जी.

निम्म्या लोकांना माझं औषध हेच. पण 'चांगली चप्पल घ्या' म्हणून भागत नाही, म्हणून करून दाखवते.

जुना पेपर जमिनीवर पसरा. त्यावर उभे राहा, बसू नका. घरातल्या पोराला पेन उभा धरून पावलाभोवती रेघ मारायला सांगा. आता आपली रोजची चप्पल त्या आकृतीवर ठेवा. मागच्या महिन्यात एक मावशी आल्या होत्या, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वेचणी करणाऱ्या. त्यांची प्लॅस्टिकची चप्पल आकृतीवर ठेवली तर अंगठ्याच्या बाजूनं बोटभर पाऊल बाहेर. मावशी बराच वेळ पेपराकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढा पाय मी रोज कोंबून राह्यली होती?"

तर ही आकृती कापून दुकानात न्या. संध्याकाळी न्या, कारण दिवसभरात पाय फुगतो. जी चप्पल आकृतीच्या चारी बाजूंनी थोडी दिसते, ती घ्या. पुढून रुंद, टाच बुटकी, तळ जरा जाड, मागे पट्टा असलेली सँडल उत्तम. मागे पट्टा नसला की चप्पल पायातून सुटू नये म्हणून बोटं आवळून चालावं लागतं. अंगठ्यात अडकवायचा बंद असलेली चप्पल काही जणांना चालते, पण तो बंद गाठीवर येत असेल तर नको. पट्टा चिकटपट्टीचा असला की सुजेप्रमाणे सैल-घट्ट करता येतो.

नवी घ्यायला पैसे नसतील तर चांभाराकडे जा. गाठीवर येणारा पट्टा तेवढ्यापुरता कापून, मऊ चामड्याचा तुकडा शिवून देतो. गाठीवर आधी लिपस्टिक किंवा ओलं कुंकू लावून चप्पल घालायची आणि काढायची, म्हणजे नेमकी जागा पट्ट्यावर उमटते. ही युक्ती मला आमच्या बसस्टँडवरच्या चांभारकाकांनी शिकवली, कॉलेजात कुणी सांगितली नव्हती.

फवारणीच्या वेळी मात्र पूर्ण बूटच घाला, सँडल नाही. त्यासाठी एक नंबर मोठा घेऊन आत जाड मोजा.

बिब्बा लावला तं गाठ बसते म्हनतात.

बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. गाठ हाडाची आहे, ती जागच्या जागी राहते आणि वर जखम होते. बिब्ब्याचे फोड पिकलेले पाय मी दरवर्षी पाहते. साखर असलेल्या माणसाचा असा पाय पाहिला की माझा त्या दिवसाचा मूड जातो.

मेडिकलमधल्या कुरूपाच्या पट्ट्यांचंही तेच. त्यात कातडी मऊ करून सोलणारं आम्ल असतं. कुरुपावर ठीक, तेही साखर नसेल तर. बनियनवर काही उपयोग नाही. ब्लेडनं घट्टा तासू नका. कोमट पाण्यात पाय भिजवून घासायच्या दगडानं हळू घासा. चुना-हळदीचा लेप हळदीमुळे दिसतो छान, चुन्यामुळे भाजतो.

मोबाईलवर पट्टा दिसते, रात्री बांधला का अंगठा सरळ होते. मागवू का?

बांधलाय तोवर सरळ. सोडला की जिथे होता तिथे. अंगठा आणि दुसऱ्या बोटामधे ठेवायचा सिलिकॉनचा तुकडा मात्र घासणं कमी करतो, तो स्वस्त आहे, वापरून पाहा.

व्यायामानं काही फरक पडते का?

सरळ होत नाही, दुखणं कमी होतं. बोटं पंख्यासारखी फाकवा, पाच मोजा, सोडा. जमिनीवर गोट्या टाकून पायाच्या बोटांनी उचला. नातवंडांसोबत केलं तर रोज होतं, एकट्यानं केलं तर तीन दिवस. पोटरी ताणणंही हवं, त्याची रीत पुढच्या उत्तरात.

सकाळी उठलं का टाच जमिनीवर टेकवता येत नाही. एक्स-रेत काटा दिसला.

'टाचेचं हाड वाढलं' म्हणून घाबरून येणारे बनियनवाल्यांपेक्षा जास्त. एक्स-रेतला तो काटा बहुतेक वेळा निर्दोष असतो. ज्यांची टाच कधी दुखलीच नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत तसाच काटा असतो. दुखते ती तळपायाची जाड शीर, जी टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेली असते. रात्रभर ती आखडते, सकाळच्या पहिल्या पावलाला खेचली जाते. दहा-वीस पावलं चाललं की सैल होते. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी परत.

म्हणून उपाय पहिल्या पावलाच्या आधी करायचा. दुपट्टा खाटेजवळच ठेवा. उठून बसा, पाय सरळ लांब, दुपट्टा चवड्याभोवती घालून दोन्ही टोकं आपल्याकडे ओढा. पोटरीत ताण जाणवला पाहिजे. ३० पर्यंत मोजा, सोडा, तीनदा. मगच पाय खाली. संध्याकाळी पाण्याची बाटली फ्रीजमध्ये गोठवून तिच्यावर तळपाय फिरवा. घरातही मऊ स्लीपर घाला, फरशीवर अनवाणी नको. दहातले आठ-नऊ जण एवढ्यानंच बरे होतात, पण महिने लागतात, कधी वर्षही. दोन आठवड्यांत 'फरक नाही' म्हणून सोडून देणारेच इंजेक्शन मागायला येतात. टाचेखाली एखादं इंजेक्शन देता येतं. टाचेच्या मागच्या जाड शिरेत मात्र देऊ नये, ती तुटू शकते.

रात्रीतून अंगठा लालबुंद झाला, चादरबी सहन होत नाही.

हे बनियनच्याच जागी होतं, पण वेगळं. बनियन वर्षानुवर्षं हळू वाढतं, हे एका रात्रीत पेटतं. रक्तातलं युरिक ॲसिड वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात जमतात. गाऊट म्हणतात. जुना झाला की कातडीखाली पांढऱ्या खडूसारख्या गाठी येतात, त्याही लोक हाड समजतात.

झटका चालू असताना रक्त तपासलं तर युरिक ॲसिड कधी नॉर्मलही येतं. म्हणून झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत तपासा. औषध सुरू झालं की ते ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवायचं असतं. युरिक ॲसिडच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर झटका आला म्हणून बंद करू नका, आणि नव्यानं आपल्या मनानं सुरूही करू नका.

खाण्याबद्दल: तुरीची डाळ बंद करून बसलेले लोक मला नेहमी भेटतात. डाळी-भाज्यांनी गाऊटचे झटके वाढत नाहीत. कलेजी, मटणाचा रस्सा आणि दारू यांनी वाढतात, मग ती बिअर असो की मोहाची. सावजीचं मटण चापून वर "डाळ तं सोडली जी" म्हणणाऱ्या भाऊंना मी काय सांगणार?

दुखत तं काहीच नाही. मंग काहून दाखवू?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. मी गाठ बघायच्या आधी पाऊल जाणतं का ते बघते.

पंधरा-वीस वर्षं साखर असली की बऱ्याच जणांच्या पावलांच्या नसा बधिर होतात. कुष्ठरोगातही होतात. मग चप्पल गाठीवर घासते, फोड येतो, फुटतो, जंतू शिरतात, आणि माणूस चालतच राहतो, कारण त्याला काही कळत नाही. एक काका मोजा काढून म्हणाले, "थोडं पाणी येते." गाठीवरच्या जखमेतून हाड दिसत होतं. चपलेत आतून एक खिळा वर आलेला. किती दिवसांपासून, त्यांना माहीत नव्हतं.

घरी तपासायची सोपी रीत आहे. माणसाला झोपवा, डोळे मिटायला सांगा. आपल्या बोटाच्या टोकानं त्याच्या पायाच्या बोटांच्या टोकांना अलगद स्पर्श करा, सेकंद-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्याही नाहीत. दोन्ही पायांचे अंगठे, मधलं बोट आणि करंगळी, एकूण सहा जागा. 'कळलं' असं त्यानं आपणहून म्हणायला हवं, तुम्ही विचारायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाऊल धोक्यात आहे. हे आशाताईंना माहीत असतं, नसेल तर त्यांना हे पान दाखवा.

बधिर पावलात आणखी एक गोष्ट होते, ती फार लवकर पकडावी लागते. एक पाऊल अचानक सुजतं, लाल होतं, दुसऱ्या पावलापेक्षा गरम लागतं. दुखत नाही किंवा थोडंच दुखतं. आतली हाडं ठिसूळ होऊन मोडत असतात. माणूस चालत राहिला तर कमान खचते आणि तळपायाच्या मधोमध हाड खाली येतं. पुढे तिथेच जखमा होतात. याला उपाय एकच: त्या पायावर भार बंद, प्लास्टर, काही महिने. म्हणून एक पाऊल गरम आणि सुजलेलं दिसलं की त्याच दिवशी निघा. बैल जुंपायचे आहेत, पाणी पाळी आहे, हे सगळं मला माहीत आहे. तरी निघा.

बधिर पावलांशी आपल्या भागाची ओळख जुनी आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून आणि वरोऱ्याला आनंदवनात १९४९ पासून अशा पावलांची काळजी घेतली जातेय. तिथे कुष्ठरुग्णांसाठी वापरली जाणारी एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची, मऊ चप्पल आज साखरेच्या रुग्णांनाही तितकीच उपयोगी पडते. कुष्ठरोगातून बरे झालेल्या पण पाय बधिर राहिलेल्या माणसाला ती सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळते, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. लाज वाटून कुणी साधी चप्पल घालू नये.

रोज रात्री पाय धुतल्यावर तळवा पाहा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. आणि चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा, रोज.

पोरगा पोलीस भरतीची तयारी करते. टाचेमागं गाठ आली.

टणक मागच्या कडेचे बूट टाचेच्या वरच्या हाडावर घासतात. तिथे हाडाचा उंचवटा आणि सुजलेली पिशवी दोन्ही असतात. मागची कड मऊ असलेले बूट, आत टाचेखाली अर्ध्या इंचाची गादी, महिनाभर डांबरी रस्त्यावर नाही तर मैदानावर धावणं. पोरं एका आठवड्यात दोन किलोमीटरवरून आठवर जातात, तिथे खरी चूक होते.

भरतीत पायाचे अंगठे आणि तळवे पाहतात. त्या तारखेच्या तोंडावर ऑपरेशन करून घेऊ नका, सूज उतरायलाच महिने जातात.

पोरगी बारा वर्षाची हाये, तिचा अंगठा आतापासून वाकडा.

दाखवून ठेवा, ऑपरेशनची घाई नको. वाढ थांबेपर्यंत केलं तर परत वाकडं होण्याची भीती जास्त. रुंद चप्पल द्या आणि घरी-अंगणात अनवाणी खेळू द्या. दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी २,३०० मुलांची पावलं तपासून १९९२ मध्ये मांडलं की बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पाऊल ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के.

मूल वर्ष-दीड वर्षाचं असेल, दोन्ही पावलं किंवा हात अचानक सुजले आणि ते रडतंय, तर मुरगळलं असेल म्हणून चोळू नका. विदर्भात सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार आहे, आणि लहान बाळांत तो कधीकधी असाच पहिल्यांदा दिसतो. आरोग्य केंद्रात रक्त तपासा.

मुलाच्या पायावरची गाठ महिन्या-महिन्याला मोठी होत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल तर त्याच आठवड्यात या.

दुखलं का मेडिकलमधून गोळी घेतो. चालते ना?

कधीतरी एखादी, जेवणानंतर, चालते. रोज नको. आणि एप्रिल-मे महिन्यात तर नकोच. पारा ४५ च्या वर, अंगातलं पाणी आटलेलं आणि वर रोज डायक्लोफेनॅक: किडनीवर एवढा जुलूम कशाला? ब्लडप्रेशर, साखर किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय एकही नाही.

ऑपरेशन करून टाका ना एकदाचं.

गाठ दिसायला वाईट आहे म्हणून मी करत नाही. सहा महिने चप्पल बदलून, बाकी सगळं करूनही रोजच्या कामात दुखत असेल, किंवा अंगठा दुसऱ्या बोटावर चढून जखमा होत असतील, तर करावं.

यात हाड कापून, सरकवून, स्क्रूनं बसवतात. याच्या शंभराहून जास्त रीती आहेत, म्हणून शेजारणीचं कसं केलं त्यावर आपलं ठरवू नका. साधारण ६ आठवडे टाचेवर भार देणारा खास बूट. सूज तीन ते सहा महिने राहते. वावरातलं काम तीन महिन्यांनी. एका वेळी एकच पाय. काही जणांचं वर्षांनी परत वाकडं होतं, हे आधी ऐकून ठेवा.

वेळ कोणती? जुलै-ऑगस्टमध्ये नाही, काळ्या मातीच्या चिखलात टाके कोरडे राहत नाहीत. सोयाबीनच्या सोंगणीपासून वेचणी संपेपर्यंत तुम्ही येणार नाही हे मलाही कळतं. मी फेब्रुवारी सांगते. वेचणी आटोपलेली असते आणि ऊन अजून चढलेलं नसतं.

खर्रा बंद, ऑपरेशनच्या आधी महिनाभर आणि नंतर हाड जुळेपर्यंत. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि हाड जुळायला उशीर होतो. "सुपारीच खातो जी" असं म्हणू नका, खिशातली पुडी दिसते.

सिकलसेल असेल, वाहक असलात तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. ऑपरेशनच्या वेळी पायाचं रक्त थांबवायला पट्टा आवळतात, त्याचा विचार करावा लागतो.

खर्चासाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून महात्मा फुले योजनेबद्दल भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही. सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, नागपूर इथल्या मोठ्या रुग्णालयांत हाडांचा विभाग आहे.

शेगावले पायदळ जायचं हाये.

जा. नवी चप्पल घालून मात्र नाही, निदान महिनाभर वापरलेली घाला. गाठीवर निघण्याआधीच चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर नाही. साखर असलेल्यांनी अनवाणी चालण्याचा नवस बोलू नये, आणि बोलला असेल तर मे महिन्याच्या डांबरावर फेडू नये. नवरात्रातल्या नऊ दिवसांचंही तेच. बधिर तळव्याला डांबर तापलंय हे कळत नाही.

दाखवाले येतानी काय आनू?

जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि साखरेचे कागद. गाठीवर काही लावून येऊ नका, लेप खरवडण्यात वेळ जातो. आणि दवाखान्यात जायचं म्हणून कपाटातली चांगली चप्पल काढू नका. रोज वावरात जाता ती घालून या, मातीसकट. मला तिचा तळ पाहायचा असतो.